वरातीला पुलावर मुभा हाय म्हणून

श्रीमान गोपाळराव मेव्हण्यांना गंगाखेडहून बन्सीधरचा हात जोडून रामराम. तुमच्या आईंचा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का? (आईंच्या गुडघ्याचं म्हशीच्या आधी विचारलं, हे त्यांना वाचून दाखवा.)

पाच दिवस झाले मी फोन करायलोय, तुमी उचलनात. म्हणून हा कागद यष्टीच्या कंडक्टरच्या हाती. तुमची बहीण मालनबाई आईंच्या गुडघ्यापायी चार दिवसांसाठी बोरीला आली अन् माझा फोटो बघून 'आता जातच न्हाई' म्हणून बसली, असं कळलं. तर फोटो खरा हाय. बाशिंग बांधलेला, एकोणसाठ वर्षांचा नवरदेव मीच. पण दुसरं लग्न केलेलं न्हाई, हे देवाशपथ आधीच लिहितो, न्हाईतर तुमी पुढचं वाचायचेच न्हाईत.

झालं असं की आमच्या नदीवरचा जुना पूल पाडला अन् नवा झाला. पूल झकास! बाजूनं पायी चालायला चार हात रुंद वाटबी केली, अन् तोंडाशीच पाटी लावली. पाटीवर चालता माणूस अन् सायकल, दोघांवर लाल रेघ. (कुत्र्याचं चित्र न्हाई, म्हणून कुत्री त्या वाटेवर खुशाल झोपायलीत.) मपलं रान पलीकडं. ह्या काठावरून विहीर दिसती, पण जायचं तर बारा किलोमीटरचा फेरा, तोबी उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यानं. पलीकडच्या शाळेच्या सुकेशनी मॅडम दोन ट्रॉल्या अंगावर आल्या म्हणून सायकलीसकट चारीत गेल्या. लागलं न्हाई, पण उठल्या त्या अर्ज लिहीतच. तीन अर्ज गेले, उत्तर एकाचंबी न्हाई.

पुलावर आदिनाथ नावाचा राखणदार. माणूस सरळ, इतका सरळ की वाकतच न्हाई. त्याच्या खिशात हुकुमाचा कागद: वरात अन् अंत्ययात्रा यांना पायी जायची मुभा. आमचा हलगीवाला सटवाजी म्हणला, दोन्हीतलं एक निवडा. मला आडवं व्हायची घाई न्हाई, म्हणून वरात! वयानं मी मोठा, म्हणून बाशिंग मला. पुढं हलगी, मधी सायकल धरलेला मी, मागं मॅडम, हायस्कुलाच्या पोरी अन् दुधाचे कॅन. आदिनाथनं कागद दोनदा वाचला अन् बाजूला झाला. वर 'सुखानं संसार करा' म्हणला. अहो मेव्हणे, पुलावरून आपली नदी काय दिसती म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी घात झाला. पलीकडच्या गावात खरंच लग्न होतं अन् नवरदेवाची जीप वाटेत पंक्चर. सीमांतपूजनाचं ताट घेऊन शिवंवर थांबलेल्या बाया हलगी ऐकून धावल्या. मी तोंड उघडायच्या आत पाय धुतले, कुंकू लावलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला, अन् कुणीतरी फोटो काढला. मग नवरीच्या मामानं बाशिंगाच्या माळा बाजूला सारल्या, आतल्या पांढऱ्या मिशा बघितल्या अन् मटकन खालीच बसला. (टोपी तिथंच परत केली. टॉवेल गडबडीत राहिला.)

एवढाच माझा गुन्हा. इथं मी भाकरी थापायलोय, त्या पुलावरची कुत्रीबी हुंगून सोडायलीत. घर लय सुनं वाटतंय, मेव्हणे. चेष्टा न्हाई.

तुमचा, एकाच बायकोचा नवरा,
बन्सीधर

ता.क. खरं काम लिहायचं राहिलंच. काल आदिनाथ म्हणला, 'आठ दिवस वरात जायली, नवरी कशी दिसंना? सोमवारपासून नवरी न्हाई तर पूल न्हाई.' तरी मालनबाईला लग्नातला शालू नेसवून सोमवारी सकाळी पुलावर पाठवा. दुसरी कुणी उभी करू का, असं मॅडमनं विचारलं. मी न्हाई म्हणलो. बत्तीस वर्षांत मला दुसरी सुचली न्हाई, आता काय सुचायची? हे तिला दोनदा वाचून दाखवा.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवायलो तेवढ्यात सटवाजी पळत आला. मॅडमचा चौथा अर्ज मंजूर! पाटीवरची लाल रेघ पुसली, सोमवारपासून पायी अन् सायकलीला वाट मोकळी. एवढं मात्र तिला वाचून दाखवू नका. शालू नेसूनच येऊ द्या. मी बाशिंग बांधून उभा हाय.