टोपलीवर नाव कुणाचं

सोमवार, ४ ऑगस्ट
उपास. नात मुक्ता लिहून राहिलीय, मी सांगून राहिले. प्रकाशच्या, म्हणजे माझ्या लेकाच्या फोनमधला फुकटातला खेळ. वरून पेरू पडतात, बोटानं टोपली सरकवून झेलायचे. मधीच काळा गोटा येतो, तो चुकवायचा. गोटा टोपलीत की खेळ संपला. लातुरात जन्मभर मिलमधी डाळ निवडली, मला गोटे शिकवतो का ह्यो. आज चाळिसावा टप्पा. मुक्ताला म्हणलं, वाच, पहिल्या नंबरावर कोण? म्हणाली, "प्रकाश."
मला अक्षर येत न्हाई म्हणून कुणाचंबी नाव खपवायचं?

मंगळवार, ५
प्रकाश पाहुण्यांना फोन दाखवून राहिला, "आपण चाळिसाव्यात." त्याचं बोट बाराव्याच्या पुढं गेलं न्हाई कधी. दळण माझं, पीठ त्याचं.

गुरुवार, ७
नाव बदलायचं तर सगळं पुसून पहिल्यापासून. प्रकाश म्हणतो, "आई, घरातलंच नाव हाय की." म्हणलं, मग सातबाराबी माझ्या नावावर कर, घरातलंच हाय. चहा तसाच टाकून बाहेर गेला.
पुसलं. मुक्ता विचारते, "सुशीला टाकू?" ते नाव तुझ्या आजोबांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं. मला वाचता आलं न्हाई, नि सांजच्याला त्याच तांदळाचा भात. चंद्री टाक.
"चंद्री कोण?"
मीच. माहेरची.

रविवार, १०
तिसाव्यावर तीनदा मेले. आता पेरूबी काळपट, गोटेबी काळपट, नि दोन-दोन संगट. खेळ करणारा आमच्या मिलचा मुकादम असावा. निवडायला हात बसला की तो डाळीचा पट्टा जोरात सोडायचा.

सोमवार, ११
उद्या नांदेडला डोळ्याचं आपरेशन. डाक्टर म्हणतो, महिनाभर फोन बघायचा न्हाई. सकाळधरनं खेळले. एकोणचाळिसावा. प्रकाशनं टीव्ही बंद केला, शेजारी येऊन बसला. तेवढ्यात डोळ्याला पाणी; एका टोपलीच्या दोन दिसायला लागल्या. मुक्तानं खेळ थांबवून ठेवला. "आजी, असाच राहतो." टोपली मधोमध, वर गोटा लटकलेला.
प्रकाश म्हणाला, "पुढचं मी खेळून देऊ का?"
म्हणलं, हात लावून तर बघ.
"न्हाई लावत, चंद्राबाई." फोन खिशात ठेवला, वरून बटन लावलं.
नाव माझं, खिसा त्याचाच हाय.