माझ्या हातचे ऑलिव्ह

कल्लिओपीताई,

धाकट्या अरिस्तीदिसचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टर म्हणतो जिने चढू नका आणि तू राहतेस तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा एक तर डॉक्टर बदल नाही तर घर. इकडे सगळे मजेत. अर्गिरोची तब्येत उत्तम (जरा जास्तच उत्तम), आमच्या ऊरानियाचं लग्न ठरतंय, आणि माझी बोटं काळी पडली आहेत. घाबरू नकोस, आजार नाही. मी ऑलिव्ह मुरवायला घातले.

झालं असं की ऑगस्टमध्ये एकदा जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, ठेचायचे, पाण्यात टाकायचे, मग मिठात टाकायचे, एवढ्यासाठी बायका दरवर्षी पंधरा दिवस घर डोक्यावर का घेतात? अर्गिरोने हातातला काटा खाली ठेवला. "मग या वर्षी तुम्हीच करा. मी बोटसुद्धा लावणार नाही." आता तीस वर्षं डोंगरातल्या वळणांवर बस चालवलेला माणूस बोराएवढ्या फळाला घाबरतो की काय! "करतो," म्हटलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात ऊरानियाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, किरियाकोसरावांचा, फोन आला (त्यांची तेलाची गिरणी आहे, नुसत्या वासावरून ऑलिव्ह कुठल्या उतारावरचा ते सांगतात), आणि मी त्यांना सांगून बसलो की लग्नाची तारीख ठरवायला याल तेव्हा माझ्या हातचे ऑलिव्ह खाल.

सप्टेंबर संपता संपता हिरवे ऑलिव्ह उतरवले आणि अंगणात गुळगुळीत दगड घेऊन बसलो. समोर तुतीखाली अर्गिरो शेंगा सोलत बसली. एक अक्षर बोलली नाही. ताई, तिचं बोलणं मी सदतीस वर्षं सोसलं, पण ते न बोलणं! टोला असा हवा की साल फुटेल पण बी फुटणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. पहिला ऑलिव्ह हातातून सुटला तो भिंतीवरून थेट शेजारच्या फोतिनीच्या कॉफीत. दुसऱ्याची बीसकट चटणी झाली. तिसरा टोला अंगठ्यावर. दुपारपर्यंत ईस्टरला चुना दिलेली भिंत माझ्या उंचीइतकी डागाळली होती, आणि सदरा (तूच दिलेला, पांढरा) आता गॅरेजमध्ये शोभेल.

एवढ्या मेहनतीनंतर एक चाखावा म्हणून कच्चाच तोंडात टाकला. जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांना धारा लागल्या, आणि नेमके तेव्हाच पाद्रीबाबा फाटकातून डोकावले. "अरिस्तीदिस, लग्नाची काय बातमी?" मला तोंडच उघडेना. मी नुसतं डोकं हलवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, धीर धर, मुलगी अजून तरुण आहे. संध्याकाळपर्यंत तीन बायका केक घेऊन अर्गिरोचं सांत्वन करायला हजर. लग्न मोडलेलं नाही हे सांगता सांगता तिचा घसा बसला. (केक मात्र तिघींचेही चांगले होते.)

पाणी बदलण्यात मी कसूर केली नाही. दहा दिवस, रोज सकाळी, इंजिन तपासावं तसं. कडूपणा गेला. मग मिठाचं पाणी. आईची खूण तुला आठवते, अंडं सोडायचं, ते वर आलं की मीठ बरोबर. मी खुराड्यातून एक अंडं आणलं, पाण्यात दोन मुठी मीठ टाकलं आणि अंडं सोडलं, तर ते बुचासारखं वर! दोन मुठींत! बायका उगाच पोतं पोतं मीठ ओततात, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. ऑलिव्ह, लिंबाच्या फोडी, बडीशेपेच्या काड्या, वर तेलाचा थर, आणि बरणी फळीवर.

त्या संध्याकाळी त्याच अंड्याचं ऑम्लेट करायला गेलो. ताई, फोडलं मात्र, मांजर घराबाहेर पळालं. कोंबड्यांनी तिथेच अंडी घालावीत म्हणून अर्गिरोने जूनपासून खुराड्यात ठेवलेलं ते अंडं! कुजून हलकं झालेलं ते साध्या पाण्यावरसुद्धा तरंगलं असतं. म्हणजे माझे ऑलिव्ह गेले पंधरा दिवस जवळजवळ गोड्या पाण्यात पडलेत, आणि आतापर्यंत त्यांचा लगदा झाला असणार. बरणी उघडायचा धीर होत नाही. मीठ वाढवावं तर अर्गिरो स्वयंपाकघरातून हलत नाही. आणि रविवारी किरियाकोसराव येतायत.

असो. तुझी तब्येत जप.

तुझा,
अरिस्तीदिस

ता. क. तुझ्या ऑलिव्हची एक बरणी शनिवारच्या बसने पाठव. ड्रायव्हर पांदेलिस आपला माणूस आहे, त्याला म्हणावं औषध आहे. वर तुझं नाव घालू नकोस.

ता. क. २ फोन करू नकोस, तो अर्गिरो उचलते. हे पत्रही तीच पोस्टात टाकणार आहे, पण मी पाकीट खळीने पक्कं चिकटवलंय.

वन्सं, नमस्कार. मी अर्गिरो. खळ पातळ झाली होती, पाकीट माझ्या हातात आपोआपच उघडलं. ह्यांनी बरणी फळीवर ठेवली त्याच संध्याकाळी हे कॉफीच्या दुकानात गेले असताना मी त्यात लागेल तेवढं मीठ घातलं. बोट लावणार नाही म्हटलं होतं, म्हणून चमच्याने घातलं. काल एक खाऊन पाहिला. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, असे ऑलिव्ह माझ्या हातून एकदाही झाले नाहीत. पण ते इतके चांगले झालेत हे ह्यांना कळलं तर हिवाळाभर ह्या घरात राहणं कठीण होईल. तेव्हा तुम्ही तुमची बरणी जरूर पाठवा. व्याह्यांना ती वाढू. ह्यांच्या बरणीतले अर्धे मी त्याच बसच्या परतीच्या फेरीने तुम्हाला पाठवते, उरलेले माझे.