बाबांच्या पायातले गमबूट

श्यूर्द,

बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलंय. उजव्या तळपायाला नऊ टाके पडलेत. मी त्यांचे कपडे न्यायला आले होते, परत तिकडेच चाललेय. जेवायला काही केलेलं नाही. काळा पाव आहे, तो खा.

ओहोटीच्या चिखलातून चालायला घोट्यावर घट्ट बांधलेले कापडी बूट लागतात, हे आपल्या गावात शाळकरी पोरांनाही कळतं. बाबांच्या बुटांत नव्या नाड्या ओवून मी ते सकाळी दारात ठेवले होते. तू मात्र त्यांना म्हणालास, "ताई पाहुण्यांना चिखलात फिरवते म्हणून स्वतःला फार शहाणी समजते. तुम्ही गमबूट घाला, पाय कोरडे राहतील." कोरडे! गमबूट गुडघाभर रुतले ते निघालेच नाहीत. मागून भरती आली, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तू कालवांच्या शिंपल्यांवरून अनवाणी पळवलंस.

दुपारी बांधावरच्या कॅफेत तू हीच गोष्ट हसत हसत सांगत होतास. तिथल्या आल्त्येनं मला फोन केला, म्हणून मी घरी धावले आणि बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "गमबुटांचा हट्ट माझाच होता." मी गप्प बसले. तुला वाचवायला नाही. त्यांना खोटं पाडणं माझ्या जिवावर आलं.

सहापर्यंत भेटू देतात. खोलीचं दार वाजलं की ते मान वळवून बघतात, तू आलास का म्हणून. तेवढ्यासाठी ये. माझ्याशी बोलू नकोस.

फ्राउक्ये