सदूचा तीनदा पाठवायचा निरोप

रत्नागिरी, मंगळवार, मे १९८६

माझा मावसभाऊ सदू बंगळूरला उपग्रहांच्या कामावर आहे. संध्याकाळी आमच्या पडवीत बसून सांगत होता, अवकाशातल्या किरणांनी निरोपातला एखादा आकडा बदलतो, म्हणून तोच निरोप तीनदा पाठवायचा आणि दोनदा जुळेल तो खरा धरायचा. यात एवढं काय? तार ऑफिसात मी वीस वर्षं तारेतले आकडे शेवटी पुन्हा पाठवतोय. शेजारच्या बापूंनी त्याला हापूसची पेटी दिली, "बंगळुरास ने हो!" मला कधी पेटी? जळतोय का मी? असेन. आमची ही तर "केवढे हुशार हो सदूभावजी!" असं तीनदा म्हणाली. मी मोजलं. एकदाच म्हणाली असती, तर चूक समजून सोडून दिलं असतं.