जप्त लिफ्ट आणि तिच्यातली चाकांची खुर्ची

प्रति,
मा. अधिकारी,
जप्त मालमत्ता देखभाल विभाग

विषय : जप्त मालाच्या देखभालीत सुधारणा करून आमची लिफ्ट चालू करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे पाच अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. मी पाचव्या मजल्यावर आईसोबत राहते. पुस्तकबांधणी करते. आमचे घरमालक फसवणुकीच्या गुन्ह्यात सापडले. लिफ्टचे बिल त्यांच्या नावे निघाले, म्हणून आपल्या विभागाने लिफ्टही जप्त केली. त्याबद्दल तक्रार नाही.

२. त्या दिवशी आईला आधी उचलून पलंगावर बसवून मी लिफ्टमध्ये राहिलेली तिची चाकांची खुर्ची आणायला परत गेले. तोवर दारावर लाख लागली होती. यादीत नोंद आहे : चाके चार, उशी एक.

३. खुर्ची सोडवायची तर तिच्या मालकाने, म्हणजे आईने, स्वतः कार्यालयात येऊन ओळख पटवावी लागते. आईला चालता येत नाही, असे मी आपल्या कारकुनांना सांगितले. ते म्हणाले, "मग खुर्चीवर बसवून आणा ना, ताई." आईला उचलून न्यायला हमाल आणले. जिना बघून ते परत गेले.

४. (रद्द. इथे सूचना होत्या : सील करण्याआधी आत कुणाचे काय आहे ते विचारावे, यंत्र अधूनमधून चालवावे, नाहीतर गंजते. त्या पाचही अर्जांत आहेत.)

५. आईला आता फक्त उजव्या डोळ्याने दिसते. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. ती टळली तर तोही डोळा जाईल, मग तिच्यासमोर खुर्ची आणून ठेवली तरी ओळख पटणार नाही.

६. आपले शिपाई दर एक तारखेला पाच मजले चढून येतात, लाख शाबूत असल्याचे पाहतात, सही करतात, उतरतात. आमचे दार तिथून चार पावलांवर आहे. दादा, आईचा जबाबही घेऊन जा, असे मी म्हटले. तो कागद वेगळा, म्हणाले. काल त्यांची पावले वाजली तेव्हा आई म्हणाली, "मालाची बरी चौकशी होते गं. मलाही लिहून घ्या म्हणावं."

७. सबब लिफ्ट व खुर्ची या दोन्ही मागण्या मी मागे घेते. आईला जप्त मालात घ्यावे. वर्णन : स्त्री, वय त्र्याहत्तर, एक डोळा चालू. जप्त माल खराब होऊ लागल्यास तो तातडीने हलवणे विभागावर बंधनकारक आहे, असे आपल्याच नोटिशीत छापले आहे.

माल खराब होऊ लागला आहे.

आपली नम्र,
(सही)
पाचवा मजला, लिफ्टसमोर
दिनांक २

सोबत : नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी. नोटिशीची प्रत, त्या ओळीखाली रेघ मारून.