चर्चमधले हळू सूर

आबा,

काल मी चर्चमध्ये ट्रम्पेट वाजवला. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, लग्न कोणाचं? लग्न नव्हतं, ईस्टरच्या आधीची प्रार्थना होती. व्हायोलिनवाली मुलं बडोद्याहून आली होती. मधे एक जागा अशी येते, की सगळे थांबतात आणि ट्रम्पेट एकटाच, अगदी हळू वाजतो. त्यांचा वादक आजारी पडला, आणि मी वरातीच्या बँडात वाजवायचो हे ठाऊक होतं, म्हणून चर्चच्या संगीताच्या बाईंनी मला बोलावलं. परवा पलसाण्याच्या मिलच्या ऑफिसातून थकून मी थेट तालमीला गेलो आणि पहिल्याच सुराला माझे पाय चालायला लागले. उभं राहून आपण वाजवलंय कधी? समोरचा नोटेशनचा स्टँड पडला. बाई म्हणाल्या, "काका, ऊभा रहो. आ प्रार्थना छे, वरघोडो नथी." वरात नाही, म्हणे. मुलं हसली, मीही हसलो. पण हळू फुंकलं की नुसती हवा यायची, नाहीतर वरातीसारखा दणका. "उद्या नाही जमलं तर कीबोर्डवर घेऊ," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं.

घरी आलो, जेवण गेलं नाही. तुम्ही मला हळू वाजवायला शिकवलंच नव्हतं. "पोऱ्या, जोरमा फुंक! वरातमा लोके ऐकाले येतस का? नाचाले येतस!" एवढंच तुमचं शिक्षण. मग पडल्या पडल्या गोडादऱ्यातली ती गल्ली आठवली. वरात चाललीय आणि पुढे एका घरी मयत झालीय. तुम्ही हात वर करता, ढोल थांबतात, आम्ही सगळे थांबतो. पण नवरदेवाला वाजंत्रीशिवाय न्यायचं नसतं. म्हणून तुम्ही एकटे वाजवत राहता, बँडची टोपी काढून ट्रम्पेटच्या तोंडापुढे धरता. गाल फुगत नाहीत. झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा सूर. दारात बसलेली म्हातारी हाताने खूण करते, जा बाबा, जा.

काल माझ्याकडे टोपी नव्हती. त्या दारापुढून जातोय असं धरून मनातल्या मनात चाललो, पाय मात्र उभेच ठेवले. पहिल्या सुरात थोडी हवा आली, मग लागला, आणि शेवटपर्यंत टिकला. संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. वरातीत एवढी शांतता झाली की समजायचं, काहीतरी बिघडलं. मी घाबरून बाईंकडे पाहिलं. वादकांना इशारे देणारा त्यांचा हात अजून हवेतच होता. बऱ्याच वेळाने तो खाली आला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. काल तुम्ही नव्हता, ते बरं झालं. शेवटच्या वर्षांत तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्या बाकावर बसला असता, तर तुमच्यासाठी मी जोरात फुंकलं असतं.