पट्ट्यांखालचा डॉक्टर

सोमवार, १ फेब्रुवारी १९९३

माझा विश्वासघात होतो आहे. पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, पुढे मीच मोठ्या मनाने विसरून जायला नको.

आज पुढच्या भागांचे कागद हातात पडले. डॉ. चान्स हॅडली, म्हणजे मी, यांचं छोटं विमान तळ्यात कोसळतं. डॉक्टर वाचतात, पण चेहरा भाजतो. परवापासून अख्ख्या तोंडाला पट्ट्या. उघडे फक्त दोन डोळे आणि तोंडापुरतं भोक.

कोरीनने (मालिकेतली माझी बायको, एकोणीस वर्षांत माझ्याशी चार वेळा लग्न झालंय) कागद वाचले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेरा बंद असताना! ही बाई आजवर कॅमेऱ्याशिवाय मला शिवलेली नाही. पोटात एक, ओठात एक. हे सगळं तिचंच कारस्थान.

दुपारी बर्नाडेटकडे गेलो. ती मुख्य लेखिका, मालिकेतलं पानही तिच्याशिवाय हलत नाही. म्हणाली, लाइल, हे दहा आठवडे चालेल आणि पट्ट्या सुटतील त्या दिवशी देशभरच्या बायका हातातलं काम टाकून बसतील. शिवाय म्हणाली, चेहऱ्याचा आम्ही सगळ्यांनी फार विचार केलाय. माझे डोळेच भरून आले. एकोणीस वर्षांनी का होईना, या चेहऱ्याचा कुणी विचार केला.

निश्चय : १) दहा आठवडे डोनट बंद. पट्ट्यांखालून निघेल तो चेहरा चाळिशीचा दिसला पाहिजे. २) नुसत्या डोळ्यांनी अभिनय. ३) कोरीनवर विश्वास नाही.

बुधवार, ३ फेब्रुवारी

पट्ट्या बांधायला चाळीस मिनिटं. मेकअपच्या इनेसने डावी भुवईसुद्धा झाकली! ही भुवई म्हणजे डॉ. हॅडली. पेशंट गंभीर असला की उडते, बरा झाला की उडते, कोरीन दार आपटून गेली की उडते. बोंब मारली. इनेस म्हणाली, मला ओरडू नका, वरून सांगितलंय. वरून म्हणजे कुठून, ते मी ओळखतो. कोरीन.

जेवण म्हणजे नळीने सूप. नळी वेंडेलने आणून दिली. वेंडेल ओक्स, प्रकाशयोजना चालू असताना माझ्या जागी उभा राहणारा. अकरा वर्षं तेच काम. उंची माझी, खांदे माझे, चेहरा असा की पाठ वळली की विसरावा. संध्याकाळी ग्लेंडेलच्या एका चर्चच्या तळघरात तीस माणसांपुढे नाटकं करतो बिचारा. त्याला म्हटलं, बाबा रे, भुवई शिक. म्हणाला, जमणार नाही हो मला. प्रामाणिक आहे.

ता.क. दुपारी एक डोनट. पट्ट्यांमुळे कुणाला कळलं नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

माझा करार दर तेरा आठवड्यांनी नवा होतो. या खेपेला महिनाअखेर संपतोय. माझी एजंट डॉटी हिचे आज तीन फोन. एकही उचलला नाही.

याला डावपेच म्हणतात. एक्क्याऐंशी साली चार दिवस फोन उचलला नव्हता, तर पार्किंगची सात नंबरची जागा मिळाली. जमिनीवर पांढऱ्या रंगात माझं आडनाव, किट्रिज. दारापासून वीस पावलं. आता मला दोन नंबर हवा, छपराखालचा. जो आधी बोलतो तो हरतो. मी बोलत नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी

टोलीडोला आईला फोन. ती तिथल्या वृद्धाश्रमात असते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण रोज दुपारी टीव्हीला नाक लावून माझी मालिका बघते. सगळ्यांना सांगते, मुलगा डॉक्टर आहे. तिच्या शेजारच्या खोलीतल्या मिसेस पाव्लिक फोनवर आल्या आणि गुडघ्याचं विचारलं. बर्फ लावा म्हटलं. फसवणूक कसली त्यात? एकोणीस वर्षांत तीनशेच्या वर ऑपरेशनं केली, माझ्या हातून एक पेशंट गेला नाही. जे गेले ते करार संपल्यामुळे गेले.

आई म्हणाली, अरे लाइल, तोंड कधी दिसणार तुझं? म्हटलं, दिसेल, आणि दिसेल तेव्हा माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम बघशील. म्हणाली, बघू.

ती नेहमी बघूच म्हणते. आजवर कधी छान म्हणालेली नाही. वडील तर नाहीच नाही. पण या वेळी म्हणेल.

सोमवार, २२ फेब्रुवारी

डॉटीचा निरोप फोनच्या मशीनवर. करार हा शब्द येईल म्हणून अर्ध्यावरच बंद केला. त्याआधी एवढं ऐकलं : नवी मालिका, डिटेक्टिव्ह, गुरुवारी अकराला ऑडिशन. डिटेक्टिव्ह! अखेर कुणालातरी अक्कल आली.

बर्नाडेटकडे गुरुवारची सुट्टी मागितली. म्हटलं, पट्ट्याच तर आहेत, वेंडेलला झोपव माझ्या जागी, काय फरक पडतोय? ती म्हणाली, खरंच काही फरक पडत नाही. लगेच हो म्हणाली, वर शुक्रवारही घे म्हणाली. माणसाची किंमत असली की अशी असते.

वेंडेल बाहेर घुटमळत होता. काहीतरी बोलायचंय म्हणाला. म्हटलं, नंतर.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

पाठीत खंजीर! बाहेरच्या खोलीत माझ्यासारखेच अकरा जण. सगळ्यांची हनुवटी माझ्यासारखी, फक्त पिकलेली. आत जाऊन डिटेक्टिव्हचे संवाद दणक्यात म्हटले. टेबलामागची बाई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, छान, पण तुम्हाला डिटेक्टिव्हच्या वडिलांसाठी बोलावलंय. आणि ते भुवईचं जरा कमी करता येईल का?

वडील! मला! सरळ उठलो आणि निघालो. चुकून कपाटाच्या दारातून. परत आलो आणि दुसऱ्या दाराने निघालो.

डॉटीने निरोपात नीट सांगायला नको? संध्याकाळी चार डोनट. बॉक्समध्ये चारच होते.

सोमवार, १ मार्च

स्टुडिओकडून जाडजूड पाकीट आलं. उघडलं नाही. घाईने उघडणारा माणूस गरजू दिसतो. फळांच्या टोपलीखाली ठेवलं.

सेटवर गेलो तर पट्ट्या बांधून वेंडेल आधीच पलंगावर! शुक्रवारी तो असा काही झोपला म्हणे, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झोपलेल्या माणसाला टाळ्या! त्याला म्हटलं, हुरळून जाऊ नकोस, हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत तुला.

बर्नाडेट मला बाजूला घेऊन म्हणाली, लाइल, पाकीट मिळालं का? मी हसून म्हटलं, मिळालं, पण उघडलं नाही. तिचा चेहरा पडला. म्हणाली, उघड ना रे, घरी जा आणि प्लीज उघड. आवाजात काकुळती होती. तेव्हाच ओळखलं, माझा डाव लागू पडलाय. म्हटलं, दोन नंबरची जागा मिळेपर्यंत मी पाकीट उघडणार नाही आणि कामावरही येणार नाही. आजपासून संप.

कोरीनच्या डोळ्यांत पाणी. नाटकी बाई.

मंगळवार, ९ मार्च

संपाचा नववा दिवस. एकाचाही फोन नाही. घाम फुटलेला दिसतोय सगळ्यांना.

सहज म्हणून गाडी स्टुडिओवरून नेली. फाटकातून बघतो तर काय, सात नंबरवरचं माझं नाव काळ्या रंगाने पुसलेलं! जिंकलो! आता मला दोन नंबरवर हलवणार.

फाटकावरच्या रमीरोने आडवा दांडा काही वर केला नाही. म्हणाला, साहेब, यादीत तुमचं नाव नाही. म्हटलं, नसणारच, मी संपावर आहे. म्हणाला, असं होय. मग आपल्या डब्यातलं संत्रं काढून दिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. सामान्य माणसं माझ्या बाजूने आहेत.

शनिवार, २० मार्च

वेंडेल घरी आला. हातात लिंबाची पाई (केकसारखी, घरी भाजलेली), डोळे लाल. दारातच म्हणाला, मला स्वतःच्या तोंडाने सांगायचंय, दुसऱ्याकडून कळायला नको.

मी लगेच ओळखलं. मी संपावर, म्हणजे माझ्या जागी उभं राहणाऱ्याला काम कुठलं? काढला असणार बिचाऱ्याला. त्याला बसवलं आणि तासभर धीर दिला. दोनदा तोंड उघडत होता, म्हटलं, काही बोलू नकोस, मला सगळं माहीत आहे. म्हणाला, खरंच माहीत आहे? आणि तुम्ही चिडला नाहीत? म्हटलं, वेड्या, यात तुझा काय दोष? तर हा ढसाढसा रडायलाच लागला. म्हणाला, तुमच्याएवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.

मीही पाहिलेला नाही. भरात त्याला माझा तपकिरी कोट देऊन टाकला. आईने पन्नाशीला पाठवलेला, कोपरांना चामड्याची ठिगळं. धुलाईवाल्याने आखडवून ठेवलाय, बटण लागत नाही. त्याला अगदी मापाचा बसला. म्हणाला, कामावर घालेन. बिचारा. कुठलं काम?

लिंबाची पाई संपली. तो काही खात नव्हता.

रविवार, ४ एप्रिल

आईचा फोन. मासिकात छापून आलंय, सोमवारी १२ तारखेला डॉक्टरांच्या पट्ट्या सुटणार. आश्रमात पहिली रांग तिने आतापासूनच अडवलीय. मिसेस पाव्लिक गुडघा घेऊन खाली उतरणार आहेत. म्हणाली, सगळ्यांना सांगून बसलेय हो, माझ्या मुलाचं सगळ्यात मोठं काम आहे. माझं हसं करू नकोस.

आजवर तिने कुणाला असं सांगितलं नव्हतं. म्हटलं, आई, शब्द देतो.

शूटिंग अजून व्हायचंय, हा तपशील तिला सांगितला नाही. माझ्याशिवाय ते होऊच शकत नाही. चेहरा माझ्याकडे आहे. आता या आठवड्यात फोन करावाच लागेल त्यांना. धावपळ होईल. होऊ दे, मी तयार आहे. आरशासमोर रोज दोनशे वेळा भुवई.

बुधवार, ७ एप्रिल

फोन नाही.

शुक्रवार, ९ एप्रिल

फोन चालू आहे का ते तपासलं. वेळ सांगणाऱ्या नंबरला लावला. चालू आहे. तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

डॉटीला लावला. उचलला नाही. माझाच डाव माझ्यावर! ठेवता ठेवता आठवलं, आज गुड फ्रायडे. उचलणार कोण?

पाकीट टोपलीखालून काढलं. परत ठेवलं.

सोमवार, १२ एप्रिल, सकाळी ११.१०

टोलीडोत मालिका आमच्याआधी तीन तास लागते. आत्ताच आईचा फोन येऊन गेला.

नाक ओढत होती. मला वाटलं, कुणी गेलं की काय. म्हणाली, अरे लाइल, पट्ट्या सुटल्या रे! चेहरा जरा वेगळा झालाय तुझा, पण एवढं भाजल्यावर होणारच. मला कुठे धड दिसतं? पण कोट ओळखला हो मी. दवाखान्यातून निघताना माझा कोट घातलास ते फार बरं वाटलं.

मी म्हटलं, कोट?

म्हणाली, आणि आवाज काय लागला तुझा! आरशात बघून नुसतं म्हणालास, हा मीच आहे का, आणि इथे एकीचा डोळा कोरडा राहिला नाही. मिसेस पाव्लिकना पाणी द्यावं लागलं. भुवई उडवली नाहीस ते फार छान केलंस. तुझ्या वडिलांना कधीच आवडायची नाही ती भुवई. मी म्हटलं, नको बोलायला, पोराचं मन दुखेल. लाइल, एकोणीस वर्षं बघतेय, आज पहिल्यांदा रडू आलं बघ. छान केलंस.

वेंडेल. माझा कोट घालून. माझं सूप पिऊन, माझ्या पलंगावर झोपून, माझ्या आईला रडवलं! केसाने गळा कापला. आणि मी त्याला धीर देत बसलो होतो. लिंबाची पाई खात.

आई म्हणत होती, ऐकतोयस ना?

मी म्हटलं, ऐकतोय. थँक यू, आई.

दुपारी १२.४५

पाकीट उघडलं. पत्र एकच पान, तारीख २६ फेब्रुवारी. आपल्या सेवेबद्दल आभार वगैरे. जाड होतं ते आतल्या फोटोमुळे. सगळ्यांचा मिळून फोटो, मागे सगळ्यांच्या सह्या. इनेसने लिहिलंय, भुवई झाकल्याबद्दल माफ करा. कोरीनने लिहिलंय, लाइल, मी खूप भांडले त्यांच्याशी, पण माझं चाललं नाही. वेंडेलची सही एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात. लिहिलंय, तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला.

केला होता. दोनदा.

पाच-सात वेळा फोनपर्यंत गेलो. वेंडेलला सांगायला हवं की टोलीडोत एक म्हातारी रडली, छान म्हणाली, आणि ती कधी छान म्हणत नाही. माणुसकी म्हणून तरी सांगायला हवं.

नाही सांगितलं. सांगणार नाही. भूमिका घेतली, पलंग घेतला, कोट मीच दिला. शाबासकी त्याचीच आहे, हे मला कळतं. पण फोन माझ्याकडे आला होता.